रेकमेंडेशन नाही आलं, सहीसाठी निवेदन मात्र आलं

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी दहावीत, म्हणजे सोफोमोर आहे. पुढच्या वर्षी तिला एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट), म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीची, केमिस्ट्री घ्यायचीय. यंदा ती साध्या केमिस्ट्रीच्या वर्गात आहे, त्याहून वरच्या ऑनर्सच्या नाही, कारण नववीत तिचं गणित जरा मागे पडलं होतं. आता तिला ए मायनस आहे आणि विषय मनापासून आवडतो. पण शाळेचा नियम असा, की एपीसाठी ऑनर्स केमिस्ट्रीत किमान बी प्लस हवा, नाहीतर शिक्षकांचं रेकमेंडेशन. तिच्या सरांनी पोर्टलवर ‘नाही’ टाकलं. कारण काही लिहिलं नाही. पोरगी चार दिवस धड बोलत नव्हती.

मग कळलं, की तिच्याच वर्गातल्या एका मुलाला हिच्यापेक्षा कमी मार्क असताना प्रवेश मिळाला. त्याच्या बाबांनी काउन्सेलरला मेल केला, शिक्षकांचा नकार बाजूला ठेवून प्रवेश मागायचा ‘ओव्हरराइड’ म्हणून एक फॉर्म भरला, झालं काम. असा फॉर्म असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं.

दुसरीकडे, आमच्या डिस्ट्रिक्टनं, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेनं, ‘ओपन एनरोलमेंट’चा प्रस्ताव ठेवलाय. ज्याला एपी घ्यायचंय त्यानं घ्यावं, रेकमेंडेशन नको. आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याविरुद्ध निवेदन फिरतंय: लेव्हल खाली जाईल, आपल्या मुलांचं नुकसान होईल, सगळ्यांनी सह्या करा. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. मी साताऱ्याच्या शाळेत अ तुकडीत होते. गुणांवर तुकडी मिळायची, वशिला चालायचा नाही. पण हा प्रस्ताव आला तर फायदा माझ्याच मुलीचा आहे. मग सही करू की नको? आणि तो फॉर्म भरू का? मागच्या दारानं गेल्यासारखं वाटतं. आमचे हे म्हणतात, भर आणि मोकळी हो.

— एक आई, न्यू जर्सी


नमस्कार,

आधी घाईचं सांगते. ओव्हरराइडच्या फॉर्मला शेवटची तारीख असते. ती निघून गेली की वर्ग किती, शिक्षक किती, प्रयोगशाळा कुठल्या तासाला रिकामी, हे सगळं वेळापत्रकात बसवून टाकतात, आणि मग तुम्ही कितीही मुद्देसूद बोललात तरी ‘जागा नाही’ एवढंच उत्तर मिळतं. तेव्हा उद्याच काउन्सेलरला मेल करून तारीख विचारा. भरायचा की नाही ते नंतर ठरवता येईल.

आता मागच्या दाराचं. फॉर्म शाळेनंच काढलाय, तो भरणं म्हणजे वशिला लावणं नव्हे. तरी तुम्हाला जे टोचतंय ते खरंच टोचण्यासारखं आहे. शाळेनं नियम सगळ्यांना सांगितला आणि त्यातली वाट फक्त विचारणाऱ्यांना दाखवली. आणि विचारतं कोण? ज्यांना ऑफिसात बसल्या बसल्या दुपारी मेल टाकता येतो, ज्यांना इंग्रजीत ठामपणे लिहिता येतं, ज्यांचं थोरलं मूल याच शाळेतून बाहेर पडलंय. वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करणाऱ्या बाईच्या मुलीला ‘नाही’ आलं की ते ‘नाही’च राहतं. तुम्हाला फॉर्म माहीत नव्हता, तर तिला कुठून माहीत असणार? मुलं निवडायच्या जेवढ्या तऱ्हा मी इथल्या शाळांत पाहिल्या, त्यांत हीच मला सगळ्यात वाईट वाटते. कागदावर कडक, आणि आवाज करणाऱ्यासाठी सैल. तुमच्या ग्रुपवरच्या निवेदनात या फॉर्मबद्दल एक ओळ तरी आहे का? मला वाटतं नसेल. आहे तीच पद्धत ‘मेरिट’ची म्हणून वाचवायला निघाले असतील सगळे.

सरांना मात्र खलनायक करू नका. त्यांच्याकडे शंभरावर मुलं असतात आणि ऐन हिवाळ्यात पोर्टलवर प्रत्येकापुढे हो किंवा नाही टाकायचं असतं. साध्या केमिस्ट्रीत रासायनिक समतोल आणि अभिक्रियेचा वेग हे भाग बऱ्याचदा वरवर होतात किंवा राहूनच जातात. एपीत मात्र ते खोलात जाऊन करावे लागतात. परीक्षा मे महिन्यात, म्हणजे हातात आठच महिने, आणि त्यातला पाव वेळ प्रयोगांसाठी ठेवायचा असा कॉलेज बोर्डाचा, म्हणजे एपीचा अभ्यासक्रम आणि परीक्षा चालवणाऱ्या संस्थेचा, दंडक. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं एखाद्या मुलीच्या काळजीपोटीही ‘नाही’ टाकलं असेल. पण मग तसं सांगायला हवं. कारण नसलेल्या नकारातून मुलगी एवढंच शिकते, की आपल्यात काहीतरी कमी आहे, काय ते मात्र कुणी सांगत नाही.

शिवाय ऑनर्सची अट आली कुठून? कॉलेज बोर्ड एपी केमिस्ट्रीसाठी पूर्वतयारी म्हणून दोनच गोष्टी सुचवतं: शाळेतला केमिस्ट्रीचा एक सर्वसाधारण कोर्स आणि अल्जिब्रा टू, म्हणजे बीजगणिताचा दुसरा कोर्स. ऑनर्सचा उल्लेख नाही. उलट, शाळांनी एपीच्या वाटेतले अडथळे काढावेत, आजवर मागे राहिलेल्या गटांतल्या मुलांना समान संधी द्यावी, असं त्यांचं जाहीर धोरण आहे. बी प्लसची रेघ तुमच्या डिस्ट्रिक्टनं स्वतः ओढलेली आहे, आणि डिस्ट्रिक्टनं ओढलेली रेघ डिस्ट्रिक्टला पुसता येते. हा कार्यक्रम मुळात जन्मला तो मोजक्या मुलांसाठीच, हेही खरं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अँडोव्हर, एक्सिटर आणि तुमच्याच राज्यातली लॉरेन्सव्हिल अशा तीन खाजगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांनी मिळून विचार केला, की हुशार मुलांनी तोच अभ्यास दोनदा कशाला करायचा. १९५५ पासून कॉलेज बोर्ड तो चालवतंय. आज तो गावोगावच्या सरकारी शाळांत आहे, पण पन्नासच्या दशकातला तो ‘आपल्यातली थोडी मुलं’ हा भाव काही शाळांच्या नियमांतून अजून गेलेला नाही.

तुमच्या अ तुकडीबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्यातल्या बहुतेकांचं या विषयावरचं मत तिथेच तयार झालंय. गुणांवर तुकडी मिळायची, कबूल. पण गणिताचे सगळ्यात चांगले सर कुणाला मिळायचे? स्कॉलरशिपचे जादा तास कुठल्या वर्गात व्हायचे? विज्ञान प्रदर्शनाला मुलं कुठून उचलायचे? आणि पाचवीत एकदा ड मध्ये बसलेली किती मुलं आठवीपर्यंत अ मध्ये येऊन पोचली, आठवून बघा. पहिल्या वर्षीचे गुण मुलाचे असतात. पुढच्या वर्षीच्या गुणांत तुकडीचाही वाटा असतो, आणि वर्षं जातील तसा तो वाढत जातो. तुमच्या लेकीचं नेमकं हेच झालंय. नववीत गणित थोडं मागे पडलं म्हणून केमिस्ट्रीची साधी तुकडी, साधी तुकडी म्हणून एपी नाही. एका अशक्त वर्षाचं ओझं ती तिसऱ्या वर्षीही वाहतेय, आणि मधल्या ए मायनसला कुणी विचारत नाही.

इथे त्यात आणखी एक भर पडते. आपल्या समाजात कितीतरी मुलं पुढच्या वर्षीचा विषय उन्हाळ्यात क्लासला आधीच एकदा करून येतात. दुसऱ्यांदा ऐकणारं मूल वर्गात चटपटीत उत्तर देतं आणि शिक्षकांना ते उपजत हुशार वाटतं. यात चोरी कुणाचीच नाही. फक्त त्याला निव्वळ गुणवत्ता म्हणू नये.

शिक्षकांच्या नजरेतून मुलं किती सुटतात याचा एक चांगला पुरावा फ्लोरिडात मिळाला. तिथल्या एका मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये ‘गिफ्टेड’, म्हणजे विशेष हुशार मुलांच्या, वर्गासाठी शिक्षक किंवा पालक ज्यांची नावं सुचवतील त्यांचीच चाचणी व्हायची. २००५ पासून त्यांनी दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांची एक छोटी चाचणी घ्यायला सुरुवात केली. डेव्हिड कार्ड (ज्यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि लॉरा जुलियानो यांनी त्याचे आकडे तपासले. गरीब घरातली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं त्या वर्गात लक्षणीय वाढली, आणि त्यासाठी पात्रतेची रेघ खाली आणलेली नव्हती. ती मुलं आधीपासून तिथेच होती, त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. पुढे पैशाची चणचण आली, सरसकट चाचणी बंद झाली, आणि आकडे पुन्हा जुन्या वळणावर गेले.

म्हणून काही राज्यांनी ‘नाव कोण सुचवतं’ हा प्रश्नच काढून टाकला. वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल वे डिस्ट्रिक्टनं २०१० मध्ये ठरवलं, की राज्याच्या परीक्षेत जो अपेक्षित पातळी गाठेल त्याचं नाव वरच्या कोर्सला आपोआप लागेल. नको असेल तर घरच्यांनी कळवायचं. २०१९ मध्ये असं धोरण त्या राज्यातल्या सगळ्या डिस्ट्रिक्टना कायद्यानं बंधनकारक झालं. नॉर्थ कॅरोलायनात २०१७ मध्ये वर्तमानपत्रांनी आकडे काढून दाखवलं, की परीक्षेत सारखेच उत्तम गुण असूनही गरीब घरची मुलं गणिताच्या वरच्या वर्गातून वगळली जातात. २०१८ मध्ये कायदा आला: गणितात सगळ्यात वरची पातळी गाठलेल्या मुलाला पुढच्या वर्षी वरचा वर्ग द्यायचाच, आणि पालकांच्या लेखी संमतीवाचून काढायचं नाही. कॅरी-मॉरिसव्हिलकडे तुमचे कुणी असतील तर विचारा. टेक्ससनं २०२३ मध्ये पाचवीत गणितात वरच्या ४० टक्क्यांत असणाऱ्या मुलांसाठी तेच केलं. टेक्सस काही डाव्या विचारांचं राज्य म्हणून ओळखलं जात नाही, तेव्हा ‘हे सगळं राजकारण आहे’ म्हणणाऱ्या ग्रुपवरच्या काकांना ही माहिती द्यायला हरकत नाही.

मला हीच पद्धत सगळ्यात न्याय्य वाटते. रेघ आहे, ती सगळ्यांना माहीत आहे, ती ओलांडली की दार उघडं, आणि ‘नको’ म्हणायचा हक्क घराचा. रेघेच्या खालच्यांनाही विचारायचा मार्ग असावा, पण तो छापील असावा. तुमच्या डिस्ट्रिक्टचा प्रस्ताव याच्या पुढे जातो. रेघच नको म्हणतो. त्याबद्दल माझं मत थोडं सावध आहे.

सावध का, ते सांगायला पूर्व लॉस एंजलिसमधल्या गार्फील्ड हायस्कूलचं उदाहरण देते. तिथे बोलिव्हियातून आलेले हाइमे एस्कलांते गणित शिकवायचे. १९८२ मध्ये त्यांच्या १८ विद्यार्थ्यांनी एपी कॅल्क्युलसची परीक्षा दिली आणि सगळे पास झाले. पण पेपरांत सारख्याच चुका दिसल्या म्हणून परीक्षा घेणाऱ्यांना शंका आली. १४ जणांच्या पेपरवर संशय घेतला, त्यांतल्या १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली, बाराही पास. एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्यावर सिनेमाही निघाला. कमी सांगितला जाणारा भाग असा, की एस्कलांतेंनी चाळणी लावून मुलं निवडली नाहीत, पण दार उघडून हातावर हात ठेवूनही बसले नाहीत. खालच्या वर्गांपासून अल्जिब्रा पक्कं करून घेतलं, शेजारच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग सुरू केले, शाळेआधी आणि शाळेनंतर तास घेतले. हे उभं राहायला वर्षं लागली. १९९१ मध्ये ते शाळा सोडून गेले आणि काही वर्षांत तो सगळा डोलारा खाली बसला.

नुसतं दार उघडणाऱ्या शाळाही आहेत. १९९८ पासून जे मॅथ्यूज या पत्रकारानं हायस्कूलांची एक यादी काढायला सुरुवात केली. तिच्यात शाळेत एपीसारख्या परीक्षा किती दिल्या गेल्या ते मोजायचं, किती जण पास झाले ते नाही. हेतू चांगला होता, शाळांनी मुलांना अडवू नये हा. पण यादीत वर चढायचं म्हणून मुलांना वर्गात ढकलणाऱ्या शाळाही मग निघाल्याच. जुलैत पाचपैकी एक, म्हणजे सगळ्यात खालचा निकाल, हाती येणाऱ्या मुलाला त्यातून काय मिळालं? प्रयत्न केला हेच मोठं, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. आधार दिला असेल तर हो.

आता निवेदनाकडे. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असणार, कारण अशा वेळी ती नेहमी होते. वरचा वर्ग सगळ्यांना खुला करणं एक, आणि वरचा वर्गच बंद करणं दुसरं. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१४ मध्ये समतेच्या नावाखाली आठवीतला अल्जिब्रा काढून टाकला. ज्यांची ऐपत होती ते बाहेरून शिकले, बाकीचे राहिले, आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनीच तो परत आणा म्हणून कौल दिला. तुमच्या राज्यात वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये २०१५ साली प्राथमिक इयत्तांतला गणिताचा वेगळा वेगवान वर्ग बंद करण्यावरून आशियाई आणि गोरे पालक कसे समोरासमोर आले, ते तुमच्या ग्रुपवरच्या जुन्या लोकांच्या अजून लक्षात असेल. मुलांवरचा ताण कमी करायचा म्हणून केलेला तो बदल होता. आपल्या लोकांची भीती तिथून आलीय, आणि ती अगदीच निराधार नाही. पण तुमच्यापुढचा प्रस्ताव वर्ग बंद करण्याचा नाही, निदान तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी. तिथलं उत्तर इथे चिकटवू नका.

‘लेव्हल’ची काळजीही तपासून घेऊ. एपीची परीक्षा बाहेरून येते, देशभर सारखीच, आणि २००७ पासून प्रत्येक शिक्षकाचा अभ्यासक्रम कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तेव्हा वर्गात कोण बसलंय त्यावर पाठ्यक्रम हलत नाही. वेग मात्र हलू शकतो. अर्धा वर्ग मोल संकल्पनेतच अडकला तर सर थांबणारच. केमिस्ट्रीत तर आणखी एक अडचण: प्रयोगशाळेत एका वेळी २४ पेक्षा जास्त मुलं नकोत, असं विज्ञान शिक्षकांची राष्ट्रीय संघटना सांगते, ते सुरक्षेसाठी. मागणी ४० मुलांची आली आणि शिक्षक एकच असेल तर डिस्ट्रिक्ट काय करणार? दुसरी तुकडी काढणार, की एकाच वर्गात ३२ कोंबणार, की चिठ्ठ्या टाकणार? प्रस्तावात हे लिहिलेलं नसेल तर विचारायचा प्रश्न हा आहे.

तेव्हा त्या निवेदनावर सही करू नका. तुमच्या मुलीला फायदा होईल म्हणून नव्हे. आहे ती पद्धत वाचवा असं ते म्हणतंय, आणि ती पद्धत वाचवण्यासारखी नाही हे तुम्ही स्वतः पाहिलंय. त्याऐवजी डिस्ट्रिक्टच्या स्कूल बोर्डाला स्वतःचं पत्र लिहा, एक पानाचं. प्रवेशाचा निकष लेखी असावा आणि कोर्स सिलेक्शनच्या आधी प्रत्येक घरी जावा, स्पॅनिशसह शाळेत बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये. शिक्षकानं ‘नाही’ म्हटलं तर कारण आणि काय केल्यानं ते ‘हो’ होईल हे दोन ओळींत लिहावं. दार उघडायचं तर दुसऱ्या तुकडीचे पैसे, उन्हाळ्यातला जोडवर्ग आणि आठवड्यातून एखादा जादा तास त्याच ठरावात मंजूर व्हावा. आणि ओव्हरराइडचा फॉर्म, जोवर आहे तोवर, शाळेच्या वेबसाइटवर पहिल्या पानावर असावा. ग्रुपवर हे पत्र टाका. चार जण नाराज होतील, दोघी-तिघी खाजगीत ‘आमच्याकडेही असंच झालं’ म्हणून लिहितील. स्कूल बोर्डाच्या सभेत तीनएक मिनिटं बोलायला मिळतात, तेवढी पुरतात. मंडळात गणपतीला भेटायचंय म्हणून गप्प बसू नका, गणपतीपर्यंत लोक दुसऱ्या कशावरून तरी भांडत असतील.

बोलायला जाण्याआधी आकडे बघा. केंद्रीय शिक्षण खात्याचं नागरी हक्क कार्यालय शाळाशाळांतून एपीत कोण आहे याचे वंश आणि लिंगानुसार आकडे गोळा करतं, ते सगळ्यांना खुले आहेत. राज्याच्या शाळा कामगिरी अहवालातही एपीचा भाग असतो. हे नुसते कागद नसतात. २०१४ मध्ये साउथ ऑरेंज-मेपलवुड डिस्ट्रिक्टला वरच्या कोर्सेसमध्ये कृष्णवर्णीय मुलं इतकी कमी का, यावरून याच कार्यालयाशी करार करावा लागला होता. किती ओव्हरराइड मागितले गेले, किती मंजूर झाले, हे मात्र कुठे छापून येत नाही. ते राज्याच्या ओप्रा कायद्याखाली, म्हणजे आपल्याकडच्या माहिती अधिकारासारख्या अर्जानं, मुलांची नावं वगळून मागता येतं. तुमच्या मुलीच्या स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क तर तुम्हाला १९७४ पासूनच्या केंद्रीय कायद्यानं आहे. त्या दुसऱ्या मुलाचे मार्क मात्र कुठेच काढू नका. तो सोळा वर्षांचा मुलगा आहे आणि त्यानं काही चुकीचं केलेलं नाही.

राहता राहिली लेक, आणि खरं तर तिच्याशी बोलणं या सगळ्याच्या आधी व्हायला हवं. पत्रात तिचं म्हणणं एकाच ओळीत आलंय. कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे दीर्घोत्तरी प्रश्न फुकट मिळतात. त्यातला एक पेपर तिला शांतपणे वाचू दे. सोडवायचा नाही, वाचायचा. बरंचसं कळणार नाही, ते अपेक्षितच आहे. वाचून तिला ‘हे मला समजून घ्यायचंय’ असं वाटतं, की पोटात गोळा येतो, एवढं तिनं स्वतःशी बघावं. सध्या त्या वर्गात असलेल्या अकरावीतल्या एखाद्या ज्युनियरला विचारावं, की रोजचा अभ्यास किती वेळ घेतो. पुढच्या वर्षी बाकी काय काय घेतलंय तेही त्यात धरा. पाच एपी आणि त्यात केमिस्ट्री हे एक, आणि दोनांतलं एक केमिस्ट्री हे दुसरं.

मग सरांना भेटायला तिनं एकटीनं जावं. तुम्ही नको, तिचे बाबा तर नकोच. ‘मला का नाही घेतलं’ असं न विचारता, ‘मी एपी घेतलं तर तुमच्या मते कुठे अडेन, आणि त्यासाठी जूनपासून काय करू’ असं विचारायचं. बहुतेक शिक्षक या प्रश्नाला खरं उत्तर देतात. कुणी सांगावं, मत बदलून पोर्टलवर ‘हो’ही करतील, मग फॉर्मची गरजच उरणार नाही. नाही बदललं, आणि तिची इच्छा टिकून असेल, तर फॉर्म भरा आणि सरांना सांगून भरा, त्यांना तो ऑफिसातून कळू देऊ नका. पुढच्या वर्षी कदाचित तेच शिकवणार असतील.

उन्हाळ्यात महागडा क्लास लावायची गरज नाही. खान अकॅडमीवर एपी केमिस्ट्री फुकट आहे. तिनं साध्या वर्गात राहून गेलेले भाग घ्यावेत: मोल आणि स्टॉइकिओमेट्री (अभिक्रियेतल्या प्रमाणांचं गणित) पक्की, मग समतोल, मग अभिक्रियेचा वेग, आणि लॉगॅरिदम हात बसेपर्यंत, कारण पीएचच्या गणितात मुलं रसायनापेक्षा लॉगलाच जास्त अडखळतात. अल्जिब्रा टू तिचं झालंय की पुढच्या वर्षी आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल झालं तर सरांचा नकार कदाचित तिथून आला असेल, आणि मग एपी सीनियर वर्षात, म्हणजे बारावीत, घेणं शहाणपणाचं. त्यात काही गमावत नाही.

काउन्सेलरला मेल कराल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. कोर्स झेपला नाही तर कुठल्या तारखेपर्यंत सोडता येतो आणि ट्रान्सक्रिप्टवर त्याची खूण राहते का. आणि ओव्हरराइडनं आलेल्या मुलांना कोर्स सोडता येणार नाही अशी अट फॉर्ममध्ये आहे का. काही शाळा ती बारीक अक्षरात घालतात. परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते, फी १०० डॉलरच्या आसपास असते, आणि नंतर रद्द केली तर ४० डॉलर कापून घेतात. तेव्हा पहिल्या दोन चाचण्यांचे मार्क हातात आल्यावरच परीक्षेचं नक्की करा.

— ताई